बोलणी करणाऱ्यांची ओळख बोलणीच्या आधी

संघटनेच्या वतीने सरकारशी बोलणी करायला कोण बसले होते, हे आपल्याकडच्या कर्मचाऱ्याला बहुधा बोलणी संपल्यावर कळते, आणि तेही छायाचित्रावरून. मंत्री किंवा सचिव मधोमध उभे असतात, दोन्ही बाजूंना पाच-सहा माणसे हात बांधून उभी असतात, ते छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरत खालच्या शाखेपर्यंत येते आणि तिथला माणूस शेजाऱ्याला विचारतो, की यातले आपले कोण. कोकणातल्या टपाल कर्मचाऱ्यांशी, विशेषतः ग्रामीण डाक सेवकांशी, बोलताना हा प्रश्न इतक्या सहजपणे कानांवर येतो, की त्यात काही खटकण्यासारखे आहे हेही विसरायला होते.

माझे म्हणणे असे आहे, की टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कोणत्याही मोठ्या बोलणीला बसण्याआधी आपली वाटाघाटी समिती नावानिशी जाहीर करावी, त्यातील प्रत्येकाने खात्यात कोणते काम कोठे केले आहे हे सांगावे, कोणत्या मागण्या सोडून देण्याचा अधिकार या समितीला नाही हे सभासदांना लेखी कळवावे, आणि त्या समितीत खेड्यातल्या शाखा डाकघरात आज प्रत्यक्ष काम करणारा माणूस असावा. शाल-श्रीफळ देऊन होणारा परिचय मला अभिप्रेत नाही. तसे समारंभ आपल्याकडे उदंड होतात आणि त्यात माणसाचे पद कळते, काम कळत नाही. परिचय म्हणजे हिशेबाची पहिली ओळ, अशा अर्थाने मी तो मागतो आहे.

हा आग्रह कोकणातून का व्हावा, हे समजण्यासाठी इथले टपाल कोणाच्या खांद्यावर चालते ते पाहावे लागते. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे आहेत आणि दर दहांपैकी जवळजवळ नऊ खेड्यांत आहेत. त्यांतली बहुसंख्य शाखा डाकघरे आहेत, आणि ती चालवणारे अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाक सेवक हे खात्याच्या नियमित नोकरांत मोडत नाहीत. शाखा पोस्टमास्तरने डाकघरासाठी जागा स्वतः द्यायची असते, म्हणून आपल्याकडे कित्येक गावांत डाकघर म्हणजे कोणाच्या तरी घराची पडवी किंवा ओटीचा एक कोपरा असतो. त्याचे काम कागदावर चार किंवा पाच तासांचे धरलेले असते आणि चरितार्थाचे दुसरे साधन त्याच्यापाशी असले पाहिजे, असे नियमच सांगतो. त्याला पगार मिळत नाही. कामाच्या वेळेशी बांधलेला भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या रचनेत शाखा पोस्टमास्तरला चार तासांसाठी १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये, तर सहायक शाखा पोस्टमास्तर आणि डाक सेवकाला अनुक्रमे १०,००० आणि १२,००० रुपये, असा आरंभीचा मूळ भत्ता ठरला. त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि वर्षाला तीन टक्के वाढ होते.

आता हे चार तास कोकणात कसे जातात ते पाहा. गाव एक असले तरी वाड्या दहा असतात. एक वाडी खाडीच्या कडेला, दुसरी सड्यावर, तिसरी पऱ्ह्याच्या पलीकडे. डाकेची थैली बऱ्याच ठिकाणी एसटीने येते आणि एसटी घाटात अडकली की थैलीही अडकते. सड्यावर रेंज असते आणि पडवीत नसते, तेव्हा हातातले यंत्र घेऊन सड्यावर जायचे आणि व्यवहार पुरा करून परत खाली यायचे, हा काही ठिकाणचा नित्यक्रम आहे. पण सर्वांत बोलके उदाहरण अंगठ्याचे आहे. सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत काजू फोडण्याच्या कामाला जाणाऱ्या बायका पुष्कळ. टरफलातले तेल कातडी खाते आणि बोटांच्या टोकांवरच्या रेघा पुसट होतात. अशी बाई निराधार योजनेचे किंवा लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये आधारच्या अंगठ्यावर काढायला डाकघरात येते, तेव्हा यंत्र तिला ओळखत नाही. मग पोस्टमास्तर तिला हात धुऊन यायला सांगतो, फडक्याने काच पुसतो, या हाताचे बोट, त्या हाताचे बोट, असे करत राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या बोटाला यंत्र राजी होते तोवर रेंज गेलेली असते. हा वेळ कामाच्या मोजणीत कोठे बसतो? मोजणी व्यवहारांची होते; न झालेल्या व्यवहारावर गेलेला पाऊण तास कोणाच्याच तक्त्यात येत नाही.

दिल्लीत किंवा मुंबईत कामाच्या मोजमापाचे सूत्र ठरत असताना टेबलाच्या या बाजूला ज्याने ही काच कधी पुसलेली नाही असा माणूस बसला असेल, तर तो कितीही प्रामाणिक असला तरी हा मुद्दा त्याच्या तोंडून निघणार नाही. त्याला तो सुचणारच नाही.

आता बोलणीची यंत्रणा. केंद्र सरकार आणि त्याचे कर्मचारी यांच्यासाठी १९६६ साली 'जेसीएम' म्हणून ओळखली जाणारी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. तिच्यात राष्ट्रीय परिषद असते, जिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात. प्रत्येक खात्याची विभागीय परिषद असते आणि खाली कार्यालयीन पातळीवरच्या परिषदा असतात. कर्मचारी पक्षाचे सदस्य मान्यताप्राप्त संघटना नेमतात. मतभेद उरला तर वेतन-भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन विषयांपुरता लवाद मागता येतो आणि त्याचा निवाडा संसदेच्या अखेरच्या अधिकाराला अधीन राहून दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. रचना वाईट नाही. संपाचा हक्क सेवा-वर्तणुकीच्या नियमांनी काढून घेतलेल्या माणसाला निदान बसायला खुर्ची मिळावी, असा तिचा हेतू होता. पण ही खुर्ची नियमित कर्मचाऱ्याची आहे. ग्रामीण डाक सेवकांच्या संघटनेला खाते मान्यता देते, तिच्याशी अधूनमधून बैठकाही घेते. पण पगाराचा प्रश्न ज्या यंत्रणेत सुटतो तिथे डाक सेवकाला स्वतःच्या हक्काची जागा नाही.

याचा इतिहास जरा चमत्कारिक आहे. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खातेबाह्य टपाल कर्मचारी (डाक सेवकाचे तेव्हाचे नाव) नागरी पद धारण करतो, त्यामुळे घटनेच्या कलम ३११ चे संरक्षण त्याला आहे. म्हणजे त्याला मनास येईल तसे काढून टाकता येणार नाही. काढून टाकण्यापुरता तो सरकारी, पण वेतन आयोगापुरता बाहेरचा, अशी त्याची स्थिती त्यानंतरही राहिली. वेतन आयोगात समावेश नसल्यामुळे दर वेळी त्याच्यासाठी वेगळी समिती नेमली जाते. १९९० च्या दशकात न्यायमूर्ती तलवार यांची, २००८ च्या सुमारास नटराजमूर्ती यांची, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात अहवाल देणारी कमलेशचंद्र यांची, अशा या समित्या एकसदस्यीय होत्या, आणि त्यांतले शेवटचे दोघे टपाल खात्याच्याच उच्च पदावरून निवृत्त झालेले अधिकारी होते. या समित्यांनी काही चांगल्या शिफारशी केल्या हे मान्य करायला हवे; कमलेशचंद्र यांच्या अहवालामुळे भत्त्यांच्या अकरा पट्ट्यांचा गुंता सुटून तीनच राहिल्या. परंतु समितीपुढे निवेदन देणे आणि समोरासमोर बसून बोलणी करणे यांत जे अंतर आहे, ते इथे वर्षानुवर्षे पुसले गेले आहे. निवेदन देणारा पावती घेऊन परततो. बोलणी करणारा प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, पुन्हा विचारतो आणि न पटल्यास सही करत नाही.

तो अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला, पण अंमलबजावणीसाठी २२ मे २०१८ पासून डाक सेवकांना देशभर संप करावा लागला, आणि ६ जूनला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. दोन आठवड्यांच्या त्या काळात खेड्यांतले बटवडे आणि ठेवींचे व्यवहार ठप्प झाले. एकेकाळी मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेल्या मनीऑर्डरीवर इथल्या चुली पेटत असत. आता मनीऑर्डरीची जागा योजनांच्या पैशांनी घेतली आहे, एवढाच काय तो बदल, डाकघर बंद पडले की घरात चणचण जाणवते ती तशीच. म्हणून डाक सेवकाच्या बोलणीत कोण बसते हा प्रश्न केवळ संघटनेचा खासगी मामला नाही. डाकघराच्या दारात उभ्या असणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

बोलणीला बसणारे आणि काम करणारे यांच्यात तुटले की काय होते, हे कोकणाला कोणी शिकवायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. हे कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करण्याचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. ज्याच्यावर कामगारांचा विश्वास होता त्याला कायद्याने खुर्ची नव्हती आणि ज्याला खुर्ची होती त्याच्या मागे कामगार नव्हते. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला, आणि गावोगावी परत आलेल्या माणसांनी उरलेले आयुष्य भातशेतीत आणि हापूसच्या बागांत राखणीला काढले. त्या संपाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत आणि गिरणीमालकांच्या जमिनींची गोष्ट तर वेगळीच आहे. पण टेबल आणि कामगार यांची फारकत हे त्यांतले एक कारण होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अलीकडचे उदाहरण एसटीचे. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस महागाई भत्ता आणि घरभाड्याचा प्रश्न सुटल्यावर संघटनांच्या कृती समितीने आंदोलन मागे घेतल्याचे जाहीर केले, आणि आगाराआगारांत कर्मचाऱ्यांनी ते मानले नाही. त्यांना शासनात विलीनीकरण हवे होते. समितीने कोणत्या अधिकारात काय मान्य केले, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे पाच महिन्यांहून अधिक काळ कोकणातले रस्ते एसटीविना राहिले आणि शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची मुदत घालून दिली. विलीनीकरण मिळाले नाही. कर्मचाऱ्यांची मागणी व्यवहार्य होती की नव्हती, यावर मतभेद असू शकतात, मात्र बोलणी करणाऱ्यांना आपल्या मागे कोण उभे आहे आणि कशासाठी, हे ठाऊक नव्हते ही गोष्ट उघड आहे.

बाहेरच्या देशांत टपाल संघटनांनी या प्रश्नाला जी उत्तरे शोधली आहेत, ती आपण पाहावीत. जशीच्या तशी उचलण्यासाठी नव्हे, कारण तिथले कायदे वेगळे आहेत. कॅनडा आणि अमेरिकेत बोलणी सुरू होण्याआधी वाटाघाटी समितीतल्या माणसांची सभासदांना ओळख करून देण्याची रीत आहे. कॅनडातली टपाल संघटना तर त्याही आधी स्थानिक शाखांकडून आलेल्या ठरावांतून मागण्यांचा मसुदा तयार करते आणि तो सभासदांच्या मतदानाला ठेवते. समिती बसते ती त्या मसुद्याला बांधलेली. अमेरिकेतल्या 'अमेरिकन पोस्टल वर्कर्स युनियन' मध्ये वाटाघाटी करणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या बरोबरीने साध्या सभासदांची एक सल्लागार समिती असते आणि करार सर्वांच्या मतदानाला जाण्याआधी तो या समितीच्या नजरेखालून जावा लागतो. १९७० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या टपाल कामगारांनी कायदा मोडून आणि स्वतःच्या नेत्यांचे न ऐकता संप केला, तो देशभर पसरून दोन लाखांच्या वर माणसे त्यात आली, आणि त्याच वर्षीच्या टपाल पुनर्रचना कायद्याने त्यांना सामूहिक सौद्याचा हक्क दिला. संपाचा हक्क मात्र दिला नाही. त्याची जागा लवादाने घेतली. आपली जेसीएमची घडण आणि हे चित्र यांत साम्य आहे, म्हणून सांगितले.

पण मला कॅनडातली एक गोष्ट अधिक जवळची वाटते. तिथे खेड्यापाड्यांत टपाल वाटणारे लोक बराच काळ नोकर मानले जात नव्हते. ते ठेकेदार होते, आणि १९८१ च्या कॅनडा पोस्ट कायद्यातल्या एका पोटकलमाने त्यांचा सामूहिक बोलणीचा हक्कच काढून घेतला होता. शहरातले पोस्टमन ज्या संघटनेत होते तिने हा प्रश्न स्वतःच्या मागण्यांत घेतला, वर्षानुवर्षे लावून धरला, आणि १ जानेवारी २००४ पासून हे ग्रामीण टपालवाहक कॅनडा पोस्टचे कर्मचारी आणि संघटनेचे सभासद झाले. त्यांचा स्वतंत्र करार झाला. त्यांच्यात स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि शहरी पोस्टमनइतक्याच मोलाच्या कामाला कमी पैसे का, हा त्यांचा दावा २०१८ मध्ये लवादापुढे मान्य झाला. टेबलावर जागा मिळाल्यावर चौदा वर्षांनी हे घडले. जागा नसती तर दावा कोणी मांडला असता?

हे सगळे आदर्श आहे असे समजायचे कारण नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर अमेरिकेतल्या पत्रवाहकांच्या संघटनेच्या नेतृत्वाने केलेला करार सभासदांनी सुमारे सत्तर टक्के मतांनी फेटाळला. त्यानंतर लवादाचा निवाडा आला आणि त्यातली वेतनवाढ फेटाळलेल्या करारापेक्षा किंचितच जास्त निघाली. आपल्याकडचे पदाधिकारी हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरतील, की पाहा, सभासदांना विचारत बसल्याने काय साधले. मला त्यातून दुसरेच दिसते. करार फेटाळला गेला, पण त्या सभासदांनी काम सोडून स्वतंत्र संप पुकारला नाही, संघटना फुटली नाही. नाराजीला मतपेटीची वाट होती. एसटीच्या कर्मचाऱ्याला ती वाट नव्हती.

आपल्याकडे असा परिचय जाहीर करण्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप भीतीचा आहे. नावे जाहीर झाली की खाते त्या माणसांवर लक्ष ठेवील, शाखा तपासणाऱ्या ओव्हरसियरच्या भेटी वाढतील, जुनी दप्तरे उघडली जातील, असे डाक सेवक सांगतात आणि त्यांना वेड्यात काढण्याचे धाडस मी करणार नाही. चार तासांच्या भत्त्यावरचा माणूस 'पुट ऑफ', म्हणजे चौकशी होईपर्यंत कामावरून दूर, होण्याच्या धाकाने किती वाकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजेल. पण नावे लपवून हे संरक्षण मिळत नाही. खात्याला नावे ठाऊकच असतात. बैठकीचे पत्र त्याच नावांनी निघते. नावे ठाऊक नसतात ती सभासदांना. जी माहिती समोरच्या पक्षाकडे आहे आणि आपल्याच माणसांकडे नाही, तिला गुप्तता म्हणायचे की काय म्हणायचे? उलट ज्या डाक सेवकाचे नाव रत्नागिरी विभागातल्या प्रत्येक शाखेला ठाऊक आहे, त्याच्यावर उगाच कारवाई करणे अधिक अवघड जाते.

दुसरा आक्षेप डावपेचांचा. बोलणीत काय सोडायचे आणि काय धरायचे हे आधीच चव्हाट्यावर आणले तर सौदा कसा होणार, असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे, म्हणून मी कोठवर मागे यायचे ते जाहीर करा असे म्हणत नाही. कोणत्या मागण्यांवर समितीला मागे येण्याचा अधिकारच नाही, तेवढे जाहीर करा असे म्हणतो. अशी सीमा उघड असणे बोलणी करणाऱ्याच्या फायद्याचे असते. समोरचा अधिकारी दडपण आणू लागला की त्याला सांगता येते, की हे माझ्या हातात नाही, सभासदांनी बांधून दिले आहे. गावकीच्या बैठकीत जमिनीचा वाद मिटवायला गेलेला माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणतो, ते काही दुबळेपणाने म्हणत नाही.

तिसरा आक्षेप असा, की नियम, परिपत्रके, वेतनाची सूत्रे यांचा अभ्यास असलेले जुने जाणते पदाधिकारीच बोलणी करू शकतात, शाखेतल्या माणसाला ते झेपणार नाही. हे अर्धे खरे आहे. नियम जाणणारा माणूस हवाच, आणि एकट्या डाक सेवकाला सचिवांपुढे बसवून कोणाचे भले होणार नाही. पण झेपणार नाही हे ज्या माणसाबद्दल म्हटले जाते, तो एकटाच बचत बँक, ग्रामीण डाक जीवन विमा, सुकन्या समृद्धीची खाती, आधारचे व्यवहार आणि पार्सले सांभाळतो, २०२५ च्या उन्हाळ्यापासून आलेली नवी संगणक प्रणाली त्याने स्वतःच शिकून घेतली आहे, आणि दर महिन्याला वरून येणारे टार्गेट पुरे करण्यासाठी सासुरवाडीच्या माणसांचे विमे उतरवतो. त्याला सूत्र कळणार नाही, हे मला पटत नाही. समितीत दोन्ही प्रकारची माणसे असावीत आणि परिचयात कोण कशासाठी आहे ते स्पष्ट लिहावे.

मान्यतेचा मुद्दा थोडक्यात. १९९३ च्या नियमांनुसार संघटनेला मान्यता देणे आणि काढणे खात्याच्या हातात आहे, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये निधीच्या वापराचे नियम मोडल्याच्या कारणावरून 'एनएफपीई' या टपाल कर्मचाऱ्यांच्या मोठ्या महासंघाची मान्यता काढली गेली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. मात्र खुर्ची ज्याच्याशी बोलायचे त्याच्याच मर्जीवर असेल, तर संघटनेचे खरे बळ खाली शाखांमध्ये असायला हवे, आणि ज्या शाखेला आपल्या प्रतिनिधीचे नावही ठाऊक नाही तिथे हे बळ कोठून येणार, हे पदाधिकाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

कोकणाची आणखी एक अडचण नकाशाची आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे टपाल विभाग पणजीच्या गोवा क्षेत्रात येतात आणि त्याच क्षेत्रात कोल्हापूर-सांगलीही आहेत. रायगड मात्र नवी मुंबई क्षेत्रात. किनारा एक, पाऊस एक, वाड्यांची पांगापांग एक, पण गाऱ्हाणे दोन दारांवर न्यावे लागते आणि दोन्हीकडे ते देशावरच्या किंवा शहरी विभागांच्या गाऱ्हाण्यांत मिसळून जाते. चार तासांत सपाट गावात जेवढी घरे होतात तेवढी चढ-उताराच्या वाड्यांत होत नाहीत, हे सांगायला या तिन्ही जिल्ह्यांतून मिळून एक तरी माणूस हवा, आणि त्याला निवडण्यासाठी संघटनेच्या विभागीय अधिवेशनांत मतदान व्हायला हवे. सध्या अशा अधिवेशनांत हार-तुऱ्यांना जितका वेळ जातो, त्याच्या निम्म्या वेळात हे होईल.

हे आता निकडीचे आहे. आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा २०२५ च्या २८ ऑक्टोबरला मंजूर झाली, न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद आहे, आणि त्या कार्यकक्षेत ग्रामीण डाक सेवकाचा समावेश नाही. म्हणजे पुन्हा एखादी वेगळी समिती नेमली जाण्याची, तिच्यापुढे पुन्हा निवेदने जाण्याची आणि पावत्या मिळण्याची शक्यता दिसते. संघटनांनी आतापासून मागणी करावी, की समितीत कर्मचारी पक्षाचा सदस्य हवा. आणि ती मान्य होवो न होवो, आपली बोलणी करणारी माणसे आजच ठरवून, त्यांची नावे, त्यांचे डाकघर, त्यांनी केलेले काम आणि त्यांच्यावरची बंधने एका छापील पानावर लिहून प्रत्येक शाखेत पाठवावीत. तिकीट लावून पाठवावीत, म्हणजे त्यावरून नवा वाद होणार नाही.

एक व्यावहारिक अडचण उरते आणि तिच्यावरच असे बेत मोडतात. शाखेतला डाक सेवक बोलणीला गेला तर त्याच्या जागी कोण बसणार? त्याला वर्षाला वीस दिवस रजा, ती दोन भागांत विभागलेली. मालवणहून पणजीला जाऊन आले तरी दिवस मोडतो. दिल्लीच्या एका फेरीत आठवडा जातो, आणि बोलणी एका फेरीत कधीच होत नाही. बदलीवर माणूस मिळाला नाही तर पडवीतले डाकघर बंद राहते आणि गावाची बोलणी घरच्यांना खावी लागतात. म्हणून संघटनांनी या माणसाच्या बदलीची सोय खात्याकडून लेखी मंजूर करून घ्यावी, आणि प्रवासाचा व बुडालेल्या भत्त्याचा खर्च वर्गणीतून देण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी. ती तरतूद आधी व्हावी आणि नावे तिच्यानंतर जाहीर व्हावीत. नाहीतर यादीत डाक सेवकाचे नाव राहील आणि बैठकीला नेहमीचेच पदाधिकारी जातील.